आठ जीबीचा सूड

घरचे म्हणतात, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. खोटं. राग माझ्या पोटात असतो आणि तिथे मी तो नीट जपते. बोईसरच्या त्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्यावरचा राग मी अख्खा पावसाळा जपला.

तारापूरच्या एका कारखान्यासाठी मी घरून मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायचे. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं होतं. माझा लॅपटॉप ड्रॉइंग उघडतानाच धापा टाकायचा, म्हणून त्या दुकानात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि चार जीबी रॅमच्या शेजारच्या रिकाम्या खाचेत आठची पट्टी घालून घेतली. महिनाभर तो असा पळाला की मी त्या माणसाचे गोडवे गायचे.

पाऊस लागला आणि लॅपटॉप पुन्हा अडकायला लागला. दुकानात नेला. तो घाटावरून आलेला, तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस. दोन दिवस ठेवून घेतला, पट्टी पुसून बसवलीय म्हणाला, वर खाऱ्या हवेपासून जपा असा सल्ला. आमचं घर बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या माहीमचं, पिढ्यानपिढ्या मासेमारीचं. आणि हा आम्हाला खारी हवा शिकवतोय. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी बघते तर स्क्रीनवर रॅम फक्त चार जीबी. आठ गायब.

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस लॅपटॉप याच्याकडेच होता, म्हणजे चांगली पट्टी यानेच काढून काहीतरी भंगार कोंबलं. फोन केला तर म्हणे, घेऊन या, उघडून बघू. चोराच्याच हातात परत देऊ? त्या आठवड्यात मोठं काम द्यायचं होतं. सेव्ह करायला गेलं की लॅपटॉप निपचित पडायचा. दोनदा मुदत चुकली आणि कारखान्याने उद्यापासून काम नको म्हणून कळवलं.

मग मी मेसेज लिहिला. दुकानाचा फोटो, पत्ता, आणि वर ठळक अक्षरांत ‘रॅमचोर’. गावच्या ग्रुपवर टाकला, कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, उमरोळी-वाणगावपर्यंतच्या नातेवाइकांना पाठवला. कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्या मैत्रिणीने तो तिथे घरोघरी पोचवला. पंधरा दिवसांनी मुद्दाम बोईसरला जाऊन बघून आले. तो एकटाच माश्या मारत बसला होता. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्याचा एकदाच फोन आला. “ताई, एकदा उघडून तरी बघा,” म्हणाला. मी फोन कापला. गणपतीच्या आधी दुकानाला कुलूप लागलं. बायकापोरांना घेऊन तो गावी गेला असं कळलं. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.

पुढच्या आठवड्यात नवी पट्टी स्वतःच बसवायची ठरवली. व्हिडिओ बघून, पेचकस आणून, ओटीवर बसून मागचं झाकण काढलं. आठची पट्टी जागच्या जागी होती. तिच्यावर पहिल्यांदा बसवताना त्याने सही करून चिकटवलेलं लेबल. सोनेरी टोकांवर हिरवा थर चढला होता आणि खाचेत दोन सुके जवळे अडकले होते, डोळ्यांच्या काळ्या ठिपक्यांसकट.

आमच्याकडे पाऊस लागला की घरातली किमती वस्तू सुक्या मासळीच्या पत्र्याच्या पेटीत जाते. चुलीवरच्या माळ्यावर ती पेटी, घरातली सगळ्यात कोरडी जागा. जमिनीचे कागद तिथेच, होडीचे कागद तिथेच. माझं काम आटोपलं की बाबा लॅपटॉप आईच्या जुन्या साडीत गुंडाळून तिथेच ठेवायचे, बोंबील, जवळा आणि खारवलेल्या मासळीच्या शेजारी. मला ठाऊक होतं. रोज सकाळी मीच तर तो काढायचे.

खोडरबराने टोकं घासली, खाच ब्रशने साफ केली, लॅपटॉप चालू केला. बारा जीबी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा शेजारीच जाळं विणत होते. मला पुन्हा लॅपटॉपवर बसलेली बघून खूश झाले.

“माझ्या पोरीची नोकरी खाल्ली त्यानं. त्या चोराला अद्दल घडली का नाय?”

“घडली,” मी म्हटलं.

“बरं झालं. आण इकडं, पेटीत ठेवतो.”

मी लॅपटॉप त्यांच्या हातात दिला.