मिटलेल्या फुलांपाशी पंधरा मिनिटं

विजूताई गेल्या त्या सकाळी मी रिक्षात होते. मांडीवर उपम्याचा डबा होता, कारण हॉस्पिटलच्या नाश्त्याला त्या ‘पांढरं काहीतरी’ म्हणायच्या आणि आदल्याच दिवशी त्यांनी तो न उघडता परत पाठवला होता. सिग्नलला रिक्षा थांबली आणि श्रीकांतचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. “मंजू, सावकाश ये,” एवढंच म्हणाला. सावकाश ये म्हटल्यावर काय कळायचं ते कळलंच. वय एकाहत्तर, त्यात न्यूमोनिया... डॉक्टरांनी कल्पना दिली होती. तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो डबा अजून गरम आहे, हा.

त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे अजून येतात आणि चहाचा कप हातात आला की एकच वाक्य बोलतात, “शेवटची वर्षं हालच झाले हो बिचारीचे, डोळे गेले ना!” दोन-तीनदा मी ऐकून घेतलं. चौथ्यांदा मात्र विचारलं, “बिचारी कोण? आमच्या नणंदबाई? तुम्ही नक्की त्यांनाच ओळखत होता ना?” त्या बाई चहा अर्धा टाकून गेल्या आणि श्रीकांत दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पण मला खरंच राग येतो. डोळे अधू झाल्यावरच तर विजूताईंनी आयुष्यातला सगळ्यात धमाल दिवस काढला. मी तेव्हा त्यांच्या शेजारी होते, आणि तो दिवस सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

विजूताई म्हणजे श्रीकांतची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कर्वेनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. मुलांनी आणि प्राध्यापकांनी सहलीहून आणलेली झाडंफुलं दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची, खाली नाव-गाव-रंग लिहायचा, हे त्यांचं काम. त्यातल्या एका कागदावर हिमालयातली जेन्शियनची फुलं होती. आपल्या लहानपणी घसा आला की लावायचं ते जांभळं औषध असायचं ना, त्याला ज्या फुलाच्या रंगावरून नाव मिळालं ते हे फूल. कागदावर ‘रंग : गडद निळा’ असं विजूताईंच्याच अक्षरात लिहिलेलं, आणि वर शिवलेलं फूल मातकट तपकिरी. वाळल्यावर निळा टिकत नाही. “तीस वर्षं मी लोकांना खोटं सांगितलंय,” त्या म्हणायच्या. “मी कुठे बघितलाय निळा?”

निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. कडेचं दिसायचं, नेमकं मधलं जायचं. माणूस समोर उभा राहिला की खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी करडा डाग. डॉक्टरांनी सांगितलं, बरं होणार नाही, पण जे बघायचंय त्याच्या थोडं बाजूला नजर लावायची सवय करा, म्हणजे ते कडेला दिसेल. विजूताईंना हे अपमानास्पद वाटलं. “समोरच्याला सोडून भलतीकडे बघायला मी काय चोर आहे?” आणि मग लगेच, “डोंगर चढायला मनाई आहे का?” डॉक्टर गोंधळले. डोंगराचा आणि डोळ्यांचा तसा थेट संबंध नाही, असं काहीतरी म्हणाले. “झालं तर,” असं म्हणून बाई उठल्या. त्या आठवड्यात त्या सामानासकट आमच्याकडे कोथरूडला राहायला आल्या आणि मला म्हणाल्या, “जूनमध्ये आपण दोघी जातोय. तू डोळे, मी पाय.”

मी तेव्हा साठीला टेकलेली, त्या अडुसष्टच्या. तयारी म्हणून रोज पहाटे टेकडी. आमच्या टेकडीवर एक रिवाज आहे. उन्हाळ्यात वर जाणारा प्रत्येकजण पाण्याची एक बाटली नेतो, माथ्यावरच्या रोपट्यांपैकी एखाद्याला ओततो आणि रिकामी बाटली हलवत खाली येतो. त्यावर कुणी बोलत नाही, कुणी आभार मानत नाही. जानेवारी ते मे आम्ही दोघी हेच करत होतो. बाटली हातात, विजूताईंचा हात माझ्या कोपरात, वर पोचायचं, दम घ्यायचा, बाटली उलटी करायची. पाच महिन्यांत ते अंगात इतकं मुरलं की, आता सांगते ना, त्याने आमची काय गत केली ते!

उत्तराखंडातल्या त्या गावातून आम्ही सकाळी साडेपाचला निघालो. बरोबर वाटाड्या बचनसिंह, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. तिकडे डोंगरावर झाडांची हद्द संपली की वर नुसती गवताची कुरणं सुरू होतात, त्यांना बुग्याल म्हणतात. त्या कुरणाच्या अगदी वरच्या टोकाला जेन्शियन असतं. पण ही फुलं ऊन असेपर्यंतच उघडी राहतात, ढग आला की मिटतात. आणि ढग दुपारी येतोच. बचनसिंहने निघतानाच सांगून टाकलं होतं, एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं.

तीन तास देवदार आणि ओकांच्या जंगलातून चढलो आणि एका वळणावर झाडं एकदम संपली. मी किंचाळलेच! हिरवंगार गवत वर, आणखी वर, थेट आभाळाला टेकलेलं, आणि त्याच्या मागे बर्फाची शिखरं ओळीने. विजूताई माझं कोपर ओढत होत्या, “सांग, सांग ना, नुसती ओरडतेस काय!” मी सांगत सुटले. डावीकडे काय, उजवीकडे काय, घोडे किती, बर्फ कुठे. मध्येच त्या म्हणायच्या, “एवढी विशेषणं नकोत, रंग सांग.” वाऱ्याने दोघींचे पदर उडत होते, धाप लागली होती आणि आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या उगाचच हसत होतो. तशाच एका लहान चढाच्या माथ्यावर पोचलो. तिथे गुडघाभर उंचीचं बुरांसचं, म्हणजे पहाडी ऱ्होडोडेंड्रॉनचं, एक झुडूप होतं. आम्ही थांबलो, दम घेतला... आणि बोलता बोलता दोघींनीही आपापली बाटली त्या झुडपाच्या मुळाशी रिकामी केली.

बचनसिंह बघतच राहिला. “माताजी... ये क्या किया?”

विजूताईंनी बाटली हलवून बघितली. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, “आदत है, भैया. हमारे कोथरूड में सब ऐसाच करते हैं.”

मला हसू आवरेना, पण तो हसला नाही. दोन म्हाताऱ्या बायकांना बिनपाण्याचं वर न्यायला त्याने साफ नकार दिला. त्याच्याकडे एकच बाटली, आणि वरच्या कुरणात झरा नाही. खाली उतरायचं, नाहीतर वाट सोडून पलीकडच्या उतारावर गुराख्यांच्या झोपड्या होत्या तिथे जायचं. म्हणजे जाऊन-येऊन तासाहून जास्त. विजूताईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मंजू, आभाळ कसं आहे?” त्यांनी विचारलं. मी वर बघितलं. शिखरांच्या मागे एक पांढरी कड दिसत होती. “स्वच्छ आहे,” मी म्हटलं. आम्ही झोपड्यांकडे वळलो.

झोपडीतल्या बाईने पितळी लोट्यातून ताक दिलं, बाटल्या भरून दिल्या आणि बचनसिंहकडून सगळी हकिगत ऐकल्यावर ती जमिनीवर बसूनच हसायला लागली. चार महिने बर्फाखाली आणि तीन महिने पावसाखाली असणाऱ्या झुडपाला पुण्याहून येऊन पाणी घालणाऱ्या बायका तिने आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. तिने आम्हाला पुन्हा ताक पाजलं. एरवी विजूताईंनी तिची भाकरीची रीतसुद्धा विचारून घेतली असती, पण त्या लोटा संपवून उठल्याच.

त्यानंतरची चढण मी जन्मात विसरणार नाही. टेकडीवर आम्ही ज्या झपाट्याने चढायचो तोच झपाटा विजूताईंनी धरला. त्या उंचीवर दहा पावलांत छाती फुटायला येते, पण त्यांना सांगणार कोण! दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. मी दगड सांगत होते, त्या पाय टाकत होत्या. साडेबाराला आम्ही वरच्या टोकाला पोचलो, आणि पोचता पोचता ऊन गेलं.

मी खाली वाकून शोधलं. गवतात सगळीकडे होती फुलं, हजारो, पण प्रत्येक मिटलेलं. पीळ घातलेल्या हिरवट वातीच नुसत्या. एक निळा ठिपका दिसेना. विजूताई मटकन खाली बसल्या होत्या, श्वास घशात घरघरत होता. “आहेत?” त्यांनी विचारलं.

आणि मी खोटं बोलले. “आहेत ना! सगळीकडे आहेत. निळी, गडद निळी... किती सुंदर दिसतंय म्हणून सांगू!”

त्यांनी हात पुढे केला, गवतात बोटं फिरवली, एक फूल चिमटीत धरलं. आयुष्यभर फुलं हाताळलेली ती बोटं. “मंजू,” त्या हळू म्हणाल्या, “हे मिटलेलं आहे.” मला तोंड कुठे लपवू असं झालं. वर दुसरा खोटेपणाही त्यांनी बाहेर काढलाच, “आभाळही स्वच्छ नव्हतं. तू ‘स्वच्छ’ फार झटकन म्हणालीस.”

बचनसिंह घड्याळाकडे बघत होता. “पंद्रह मिनट,” तो म्हणाला. विजूताई सरळ गवतात पालथ्या झोपल्या, हनुवटी जमिनीला. मीही त्यांच्या शेजारी झोपले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. ढगाची सावली आमच्या पाठीवरून सरकत होती ते थंडीने कळत होतं. मी मनातल्या मनात गणपतीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. आणि मग पाठीला ऊब लागली! ऊन आलं, लख्ख. माझ्या नाकासमोरची एक वात सैल झाली, पीळ सुटला, अगदी सावकाश, आणि आत निळं! मग दुसरं, मग दहा, मग उतारभर. मी नुसता त्यांचा दंड हलवत होते.

“दिसत नाहीये,” विजूताई ओरडल्या. “मध्ये सगळा डाग आहे. डागच दिसतोय!” त्या मान पुढे काढत होत्या, डोळे ताणत होत्या. मी त्यांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड डावीकडे, माझ्या पायांकडे, वळवलं. नणंदेच्या अंगाला असा हात मी लग्नानंतर कधी लावला नव्हता. “माझ्या बुटांकडे बघा,” मी दरडावलं. “फुलांकडे बघू नका. बुटांकडे!”

त्यांनी बघितलं. क्षणभर काही नाही. मग त्यांचं तोंड उघडं पडलं. “अगं...” त्या म्हणाल्या. “अगं मंजू, हा निळा आहे होय!” आणि त्या माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे टक लावून हसत होत्या, रडत होत्या. बचनसिंहने एक वाजल्यानंतरही आम्हाला दहा मिनिटं जास्त दिली. उतरताना विजूताई सगळी वाट तिरक्या मानेने बघत आल्या, मी न सांगता. “तो घोडा पांढरा नाही, करडा आहे,” त्यांनी मला दुरुस्त केलं.

त्यानंतरची तीन वर्षं त्या तशाच बघत. आमच्या हॉलमधली वेताची खुर्ची त्यांनी एक दिवस स्वतःच ओढून वाकडी केली, तोंड भिंतीतल्या कपाटाकडे. सकाळभर तिथेच बसायच्या. माझा स्वयंपाक चालू असायचा, आमची तोंडं चालू असायची. येणारे विचारायचे, काय बघताय विजूताई? “बाल्कनीबाहेरचा बहावा,” त्या तुटकपणे म्हणायच्या, आणि आम्हाला ते पटलेलं होतं. झाडांचं वेड सगळ्यांना ठाऊक.

गेल्या रविवारी श्रीकांत हॉल आवरायला निघाला आणि खुर्ची सरळ करायला लागला. मी त्याला थांबवलं आणि तिच्यात बसले. कपाटाच्या कडीवर नजर लावली. बाल्कनीच्या बाजूला पडदा होता, तो बाजूला करून घेतला, तर तिथे पलीकडच्या इमारतीची भिंत. बहावा बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, या खुर्चीतून दिसणाराच नाही. कडीवरची नजर न हलवता मी दुसऱ्या बाजूचा अंदाज घेतला. स्वयंपाकघराचं दार, आणि दारातून अख्खा ओटा.

“श्रीकांत,” मी म्हटलं, “जरा ओट्यापाशी जाऊन उभा राहा.”

“कशाला?”

“अरे, राहा ना.”

तो पुटपुटत गेला आणि मी रोज उभी असते तिथे उभा राहिला. “दिसतोय का तुझा बहावा?” त्याने तिथून विचारलं.

“नाही,” मी कडीकडे बघत म्हटलं. “तू दिसतोयस.” डोक्यापासून पायापर्यंत, अगदी स्वच्छ. आणि त्या खुर्चीत बसून मी सात आठवड्यांत पहिल्यांदा रडले.