जागा गल्लीची

आमच्या गल्लीतल्या पिको-फॉलवाल्या काकू रस्त्याने निघाल्या की हातात कापड मोजायचा लोखंडी गज असायचा. वाटेत आडवी लावलेली मोटार दिसली की त्या गजाने तिच्या टपावर टकटक करायच्या, एखाद्याचं दार वाजवावं तशी. "हाय का कुणी घरात?" असं विचारायच्या, उत्तराची वाट पाहिल्यासारखं क्षणभर थांबायच्या आणि मग वळसा घालून पुढे जायच्या. गाडी रिकामी आहे हे त्यांनाही दिसत असायचं. नवीन माणसाला त्या थोड्या सरकलेल्या वाटत. मलाही सुरुवातीला वाटल्या होत्या.

उस्मानपुऱ्यात मोठ्या रस्त्याच्या मागे ही गल्ली. माझं झेरॉक्सचं दुकान आणि बरोबर समोर काकूंचं. पुढे मशीन आणि दोऱ्याच्या रिळांची फळी, मागच्या खोलीत संसार. त्या खोलीत काका असत. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या राहू द्या एक वेळ, पण यांना रोज चालवा. चालवायचं कुठे? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मोटारसायकलींचे हँडल पोटाला लागत. काकू त्यांना वॉकरसह बाहेर काढायच्या, काका त्या लोखंडाच्या गर्दीकडे बघायचे आणि तिथूनच मागे वळायचे.

गल्लीत गाडी लावायचे पैसे घ्यावेत आणि ते गल्लीतच खर्च करावेत, हे काकूंनी कुठून ऐकलं होतं कोण जाणे. पण त्यांनी ते धरून ठेवलं. महापालिकेत खेटे घालून त्यांनी एका वर्षापुरती परवानगी आणली. पावती दुकानदारांच्या समितीने फाडायची आणि पैसाही समितीनेच लावायचा, असं ठरलं. समितीचा सचिव मी. पहिल्याच बैठकीत मिठाईवाले म्हणाले, "काकू, पैसे लावले तर गिऱ्हाईक पळंल ना."

"का वो? तुमच्या पेढ्यापेक्षा पावती लई कडू हाय का?" काकू म्हणाल्या. सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. "माझ्याकडं येणारी बाई मला गाडी कुठं लावू असं विचारत नाय. उभी कुठं राहू म्हणून विचारते. पैसा दारातच लागंल, डोळ्यांनी दिसंल. नाय दिसला तर माझं दुकान बंद करा."

दिसला. एका बाजूने फरशी झाली. खांबांवर दिवे आले. आणि एक बॅटरीवरची रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या तोंडापासून बसथांब्यापर्यंत दिवसभर फिरणारी. म्हाताऱ्यांना तिच्यात पैसे नव्हते. काकू त्याच रिक्षेतून काकांना व्यायामाच्या दवाखान्यात नेत. पण मला आठवतं ते त्या फरशीवरचं चालणं. काका पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा काकू मागून येत होत्या, हात न लावता, फक्त दोन्ही हात पुढे धरून. माझ्या दुकानासमोर थांबून म्हणाल्या, "बघा भाऊ, गाड्यांच्या भाड्यावर माणूस चालायला लागला."

काकूंच्या लेकीचं सासर फर्दापूरला. एकदा व्याही मोटारीने आले. आमच्याकडे पावत्या फाडायला वामनराव नावाचे निवृत्त चौकीदार होते. ते बिचारे पुस्तक पाठीमागे लपवून म्हणाले, "काकू, हे तर तुमचे व्याही."

"व्हय. चहा माझा हाय, जागा गल्लीची. फाडा पावती."

व्याह्यांनी पैसे दिले, चहा अर्धा ठेवला आणि गेले. त्यानंतर ते सणालाही आले नाहीत. लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागलं. काकू मला म्हणाल्या, "पोरगी फोनवर रडली. काय करू? त्यांना सोडलं असतं तर उद्या कुणाला धरणार होते मी?"

हे मी ऐकलं होतं. तरीही पुढे जे केलं ते केलं. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मोठी मंडळी, गाड्याही मोठ्या. वामनराव पुस्तक काढून निघालेले दिसले आणि मी दुकानातून पळत जाऊन त्यांचा हात धरला. "आपले पाहुणे आहेत," मी म्हणालो. समोर काकूंचं मशीन थांबलं.

संध्याकाळी त्या आल्या. "भाऊ, तुमच्या खिशातून भरायचे व्हते."

"काकू, प्रश्न पैशाचा नाही, मानाचा आहे."

"माझ्या व्याह्याला मान नव्हता का?"

दुसऱ्या दिवशी पावती फाडून घेता आली असती. पण तसं केलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं. तेवढ्या हट्टापायी मी गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात मिठाईवाल्यांचे मामेभाऊ आले. "सचिवांच्या पाहुण्यांना माफ, तर आमच्या पाहुण्यांनी काय घोडं मारलं?" असं त्यांनी विचारलं आणि मी मान खाली घातली. मग कापडवाल्यांचे आले, मग मोबाइलवाल्याचे. आमच्या भागात सगळे सगळ्यांचे पाहुणे. वेरूळ बघायला निघालेला अनोळखी माणूससुद्धा दोन वाक्यं बोलला की कुणाचा तरी साडू निघतो. वामनराव पावती फाडायच्या आधी "कुणाकडं आलात?" असं विचारायला लागले, आणि हळूहळू नुसतं विचारणंच उरलं. रिक्षावाल्याचा पगार निघेना. रिक्षा बंद झाली, वामनराव घरी बसले. परवानगीचं वर्ष संपलं तेव्हा मुदत वाढवून मागायला आमच्यापैकी कुणी गेलंच नाही. काकू एकट्या गेल्या. समितीच्या सह्या आणा, असं त्यांना सांगितलं गेलं. त्या सह्या मी गोळा करायच्या होत्या. आज करू, उद्या करू करत राहिलो.

मग मोटारी फरशीवर चढल्या.

कुणापुढे हात न पसरणारी ती बाई तेव्हा दुकानोदुकानी हात जोडत फिरली. "मला रिक्षा नको, दिवे नको. माझ्या दारापासून कोपऱ्यापर्यंत फरशी तेवढी मोकळी ठेवा. यांचे पाय परत आखडायला लागलेत." नाही कुणीच म्हणालं नाही. "बघू की काकू," म्हणाले. शेवटी त्यांनी आपलं मशीनच उचलून फरशीवर आणलं. पुढे स्टुलं मांडली, त्यांच्यापुढे साड्या टांगायचा घोडा. उन्हात बसून पिको करायच्या. लोक हॉर्न वाजवायचे, कुणी म्हणायचं, "काकू, रस्ता नावावर केला का?" त्या मशीन चालवत म्हणायच्या, "नाय बाबा, बापाचा असता तर तुला कवाच देऊन टाकला असता." आणि त्या अडवून धरलेल्या तुकड्यात काका चालायचे. मशीनपासून स्टुलापर्यंत, स्टुलापासून घोड्यापर्यंत, आणि परत.

मुलीचं लग्न ठरलं. पाहुण्यांच्या गाड्या येणार होत्या, गल्लीत दुसरीकडे तसूभर जागा नव्हती. मी काकूंकडे गेलो. माझ्या लेकीच्या साड्यांचे फॉल त्यांच्या मांडीवरच होते.

"लग्नापुरतं मशीन आत घ्याल का?"

त्यांनी दात लावून दोरा तोडला. "लेकीचं लग्न हाय. घेते की." मग वर बघून म्हणाल्या, "जागा परत मिळंल ना भाऊ?"

"मिळेल. मी बघतो."

लग्न थाटात झालं. पाहुणे गेले. रिकाम्या झालेल्या जागी तासाभरात दुसऱ्या गाड्या आल्या. काकू पहाटे उठून मशीन बाहेर काढायला जायच्या, तर आधीच कुणीतरी गाडी लावून गेलेलं असायचं. मी एकदोघांना सांगून पाहिलं. जोर लावून सांगता येत नव्हतं, कारण तोवर माझीही गाडी तिथेच लागत होती. दुसरी जागाच नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो.

काकांचे पाय आखडले. आधी वॉकर सुटला, मग उभं राहणं सुटलं. काकूंना एकटीने त्यांना उचलता येईना. मशीन विकून त्या लेकीकडे फर्दापूरला जायला निघाल्या, ज्यांच्याकडून पावतीचे पैसे घेतले होते त्याच व्याह्यांच्या घरात राहायला. मी म्हणालो, "काकू, मी सह्या करून आणतो, परत सुरू करू." त्या म्हणाल्या, "आणा. दुसऱ्या कुणाचा तरी नवरा चालंल." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

जायच्या दिवशी टेंपो गल्लीत शिरेना. तो मोठ्या रस्त्यावर थांबला आणि आम्ही काकांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. अर्ध्या वाटेत दोन मोटारींच्या मध्ये खुर्ची अडकली. त्यातली एक माझी होती. किल्ली घरी राहिली होती. खुर्ची तशीच रस्त्यात टेकवून मी घराकडे धावलो. परत आलो तेव्हा भर उन्हात काकू काकांच्या डोक्यावर पदर धरून उभ्या होत्या. मी गाडी सुरू केली. त्या मला हाताने खुणावत राहिल्या, "मागं घ्या. अजून. अजून जरा. बास." खुर्ची निघून गेली. "येते भाऊ," म्हणाल्या आणि मागे न बघता तिच्यामागून चालू लागल्या.

गाडी तशीच घेऊन मी मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. टेंपो हलला, मी वळून परत आलो. जागेवर दुसरी गाडी उभी होती. ओळखीचाच माणूस होता, काच खाली करून हसला. "रामराम भाऊ, पाचच मिनिटं हं."

"असू द्या," मी म्हणालो.