बिनविसणाचं पाणी

कोमट पाण्यात वीस मिनिटं पाय बुडवून बसलं की माणसाचं काय काय बरं होतं, याची अख्खी यादी माझ्या मोबाईलवर आहे. झोप लागते, रक्त फिरतं, सांधे मोकळे होतात, चिडचिड कमी होते. व्हिडिओतल्या बाई संगमरवरी न्हाणीघरात गुलाबाच्या पाकळ्यांत पाय सोडून बसलेल्या. आमच्या भूममध्ये नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही त्याची मर्जी असली तर. एक वेळ पाकळ्या आणता येतील, पाणी कुठून आणायचं बाई?

तरी मी पेटले, कारण दादा. दादा म्हणजे माझे वडील. उभा जन्म एसटी चालवली, निवृत्त झाले आणि शुगर निघाली. सहा महिन्यांपासून पाय जड झालेत म्हणत होते. एकदा म्हणाले, "गादीवर चालल्यागत होतंय गं." मी म्हटलं, "बरंय की, लोक पैसे देऊन घेतात, तुम्हाला फुकटात मिळाली." मी अशीच आहे, तोंडाला येईल ते बोलते. डॉक्टरकडे चला म्हटलं की दादांचं ठरलेलं उत्तर, "त्यांला काय येतंय? गोळ्या देतेत अन् भात बंद करतेत."

मग डॉक्टर मीच झाले. माळ्यावरचं आईच्या लग्नातलं पितळी घंगाळ खाली काढलं. एवढं पाणी नुसतं पायाला म्हटल्यावर आई घंगाळ परत माळ्यावर चढवायला निघाली. शेवटी तडजोड झाली, पाय भिजवलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचं. व्हिडिओतल्या बाईंनी मीठ टाका सांगितलं होतं, मी मूठभर टाकत होते. पंधरा दिवसांत कढीपत्त्याचा खराटा झाला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चिडचिड कमी होते म्हणे!

आता विसणाचं सांगते. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करतात, ते विसण. आमच्या घरात विसण मागणं म्हणजे नाक कापून घेणं. कोंबडी सोलायला घेतात तसल्या पाण्यानं दादा आंघोळ करायचे आणि वर गल्लीला ऐकवायचे. मुळात पाण्याची बोंब, त्यात विसणाला गार पाणी कोण घालवतंय? त्यामुळं पाण्यात हात घालून बघायची रीतच नव्हती. ज्याला चटका बसेल तो ओरडेल, असा साधा हिशेब.

त्या रविवारी सकाळी मी गॅसवरचं पातेलं आणलं. घंगाळात गार पाणी होतं, त्यात थोडं कढत घातलं. दादांनी पाय सोडले. "हे काय, थंडगार! अजून घाल."

घातलं.

"अजून. गॅस वाचवतीस काय गं?"

माझं डोकंच फिरलं. ह्या वयातही मर्दुमकी दाखवायची हौस जात नाही म्हणून मी उरलेलं सगळं पातेलं रिकामं केलं आणि म्हटलं, "घ्या, शिजा आता!" वाफ पार त्यांच्या चष्म्यापर्यंत गेली. ते चष्मा पुसत म्हणाले, "आता कुठं जरा कोमट झालं बघ." आणि पेपर वाचायला लागले. पाय लालबुंद झालेले दिसले तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं, बघ, रक्त कसं फिरतंय. मोबाईलवर वेळ लावली होती. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, मिनिटभरसुद्धा कमी नाही.

दुपारी आई त्यांच्या पायाला तेल लावायला बसली आणि किंचाळली. दोन्ही तळव्यांची कातडी पापडासारखी फुगून वर आलेली. दादा पेपरातून डोकं काढून म्हणाले, "बोंबलायला काय झालं? मला काय दुखत न्हाय."

आई रडत रडत बोलली. दिवाळीपासून ह्यांच्या पायातली चप्पल निसटते, कळत नाही. बाजारातून एका पायानं अनवाणी घरी येतात. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली होती. मला आईचा राग आला, दादांचा आला, आणि स्वतःचा तर इतका आला की ते पातेलं डोक्यात घालून घ्यावं वाटलं.

बार्शीला नेलं. डॉक्टरांनी मलाच धरलं. "शुगरच्या माणसाचे पाय कढत पाण्यात? तुम्ही हात घालून बघितला होता?"

न्हाय. पंधरा दिवसांत एकदासुद्धा, एक बोटही घातलं नव्हतं.

मग त्यांनी दादांना डोळे मिटायला सांगितलं. हातात बारीक दोऱ्यासारखं काहीतरी घेतलं. "आजोबा, पायाला हे लागलं की व्हय म्हणा."

दादा ताठ बसले. डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. "व्हय," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "व्हय." मग जरा मोठ्यानं, "व्हय, लागतंय की!"

डॉक्टरांचा हात अजून वरच होता. त्यांनी पायाला काहीच लावलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ओढणी तोंडात कोंबली.

"झालो का पास?" दादांनी डोळे मिटूनच विचारलं.