अस्वल आणि माझी बायको
बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही जुईनगरच्या घरात मटार सोलत बसलो होतो. टीव्हीवर अस्वल दिसलं आणि ती हसली. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी बुलडाण्याकडं गेलो, तेव्हा मोहाच्या वासानं भरलेल्या रानवाटेवर असंच एक अस्वल समोर उभं राहिलं होतं. मी पळणार, तोच तिनं माझा सदरा धरला. “अहो, पळाल तर मराल! त्याच्याकडं तोंड करून हळूहळू मागं सरका.” अस्वल दिसेनासं होईपर्यंत तिनं मला तसंच मागं नेलं. घरी तिचे भाऊ म्हणाले, “दाजी, तुम्ही होता म्हणून ताई वाचली!” तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मी निर्लज्जासारखा मिशीवर हात फिरवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिच्या गावच्या पारावर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “मी पळत होतो. तुमच्या पोरीनं मला वाचवलं.”