पुढच्या सीटवरचा टॉवेल

ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्याची स्टाफबस रामकृष्ण मांजरेकर अठरा वर्षं चालवतो, तीही तीर्थरूपांनी घेऊन दिल्याच्या तोऱ्यात. एसी लागतो त्या पुढच्या सीटांवर तो टॉवेल टाकून ठेवतो. तिथे फक्त इंजिनियर बसणार, हेल्पर मागे. नियम कंपनीचा नाही, त्याचा स्वतःचा.

परवा जेवताना मुलगी यशश्री शाळेचा प्रोजेक्ट सांगत होती. अमेरिकेत गुलामी संपून नव्वद वर्षं झाली, तरी बसमध्ये गोरे पुढे आणि काळे मागे. शेवटी मॉन्टगोमेरी शहरातले काळे लोक वर्षभर पायी हिंडले, बसमध्ये चढलेच नाहीत, आणि जिंकले.

“वर्षभर रिकामी बस?” रामकृष्ण हळहळला. “ड्रायव्हरचे काय हाल झाले असतील.”

“बाबा, लोकांना सीटवरून उठवायचा तो ड्रायव्हरच.”

रामकृष्णला ठसका लागला.

सकाळी टॉवेल त्याच्या गळ्यात होता आणि पुढच्या सीटा मोकळ्या. रत्नागिरीचा हेल्पर साकिब चढला आणि सवयीने थेट मागे जाऊन बसला. रामकृष्णने दोनदा पुढे बोलावलं.

“नको काका, मला मागेच बरं,” साकिब म्हणाला.

तेव्हा रामकृष्णने मागे जाऊन त्याला दंडाला धरून उठवलं.

“यल्ला, चल, पुढे बस,” तो खेकसला. “या बसमध्ये कोण कुठे बसणार, ते मी ठरवतो.”