तळघरातला एकच जीव

गंगाधरभाऊ गोळ्यांची पुडी बांधण्याआधी कागद वाचायचे. रद्दीतलं पान मांडीवर ठेवून हाताने सारखं करायचं, त्यावर देवाचं किंवा थोर माणसाचं चित्र नाही ना हे पाहायचं आणि मगच फाडायचं. समोरचा पेशंट खोकून बेजार झालेला असला तरी यात बदल नाही. कोल्हारच्या एका खासगी दवाखान्यात ते कंपाउंडर होते, वय पन्नाशीचं. नव्वदच्या दशकात मी तिथे नर्स म्हणून लागले, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना घाबरत होते.

डॉक्टरांच्या मोटरसायकलचा आवाज आला की माझ्या हातातला ट्रे खडखडायचा. इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी मीच डोळे मिटायचे. नर्सने सांगावं असं हे नाही, पण खरं आहे. आणि भित्र्या माणसाला घाई फार असते. एकदाचं टोचून मोकळं व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

एकदा नगरहून आलेल्या रद्दीत व्हिडिओ गेमची चार-पाच इंग्रजी मासिकं निघाली. कागद रंगीत आणि इतका गुळगुळीत की पुडीची घडी सुटून गोळ्या सांडायच्या. म्हणून ती मासिकं फाडली जाण्यातून वाचली. भाऊंनी ती औषधांच्या कपाटावर ठेवली आणि दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले की उघडून बसू लागले. असला खेळ आम्ही दोघांनीही कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

एका अंकात किल्ल्याच्या तळघराचा नकाशा होता. अकरा खोल्या, आणि कोणत्या खोलीत काय आहे ते शेजारीच छापलेलं. तिथे एक आंधळा राक्षस फिरायचा आणि पावलांच्या आवाजावर माणूस धरायचा. खेळ कसा खेळायचा हे सांगणारी सुरुवातीची पानं कुणीतरी आधीच फाडलेली होती, त्यामुळे नियम भाऊंनी केले. एक्स-रेच्या जुन्या पाकिटाला खिडकी कापून ते नकाशावर ठेवलं, एका वेळी एकच खोली दिसेल असं. लाल कॅप्सूलचं रिकामं टोपण म्हणजे आमचा माणूस. दार मी निवडायचं आणि आत काय आहे ते भाऊंनी शब्दकोश घेऊन वाचायचं. माणूस मेला की खेळ संपला, अंक बंबात.

आत जाण्याआधी मला भाऊंना तीन प्रश्न विचारायची मुभा होती. उजेड आहे का, आवाज येतो का, परतायला वाट आहे का. मी एकही न विचारता आत घुसायला निघायचे. मग भाऊ टोपणावर बोट ठेवायचे. "सिस्टर, दारात थांबा. भ्या, पन उभं ऱ्हाऊन भ्या." मनाची तयारी नसेल त्या दिवशी आत जायचं नाही, असाही नियम होता. माझी तयारी बहुधा नसायचीच, त्यामुळे पाच महिन्यांत आम्ही कशाबशा आठ खोल्या गाठल्या. आमचा तो टोपणाएवढा माणूस मरेल या भीतीने मला घरी जेवण जायचं नाही. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डीकडची एक बाई आली. घसा सुजलेला, अंगात ताप. डॉक्टर पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून देऊन जेवायला गेले. बाहेर तिच्या टोळीचा ट्रॅक्टर उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. पेनिसिलिन एखाद्याच्या जिवावर बेततं, म्हणून ते देण्याआधी हाताच्या कातडीत थेंबभर टोचून वाट पाहायची असते. बाई म्हणाली, मागं एकदा घेतलं होतं, काही झालं नाही. मी पूर्ण डोस भरला. हॉर्न वाजतच होता, माझे डोळे मिटत आले होते.

भाऊ टेबलाशी गोळ्या मोजत होते. मान वर न करता ते म्हणाले, "सिस्टर, दारात थांबा."

माझा हात जागीच थांबला. मी सुई बदलली आणि थेंबभर टोचलं. भाऊ बाहेर जाऊन ड्रायव्हरची समजूत घालून आले. मग आम्ही तिघं त्या हाताकडे बघत बसलो. पाव तासात तिथे गांध उठली, लालबुंद, बघता बघता रुपयाएवढी. बाई कराकरा खाजवायला लागली. डॉक्टरांना बोलावून आणलं, त्यांनी तिला दुसरं औषध दिलं आणि ती चालत ट्रॅक्टरवर जाऊन बसली. मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन उरलेला डोस ओतून टाकला. बाहेर आले तर भाऊंच्या हातून गोळ्या जमिनीवर सांडलेल्या. "मी बी लई भ्यालो," ते म्हणाले.

पुढे उन्हाळ्यात मी नगरला मावशीकडे गेले. तिथे मावसभावाने टीव्हीला जोडून तसलाच एक खेळ लावला. त्याच्या माणसाला राक्षसाने गिळलं. मी ओरडले, तो हसला. त्याने बटण दाबलं आणि माणूस पुन्हा उठून उभा राहिला. एका माणसाला तीन जीव असतात, तो म्हणाला. कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं मला.

परत आल्या आल्या भाऊंना सांगितलं. त्यांनी लाल टोपण उचलून बोटांत धरलं.

"म्हंजी मेला तरी चालतं?"

"तीनदा."

"मग त्यांला भ्याच वाटत नसंल." त्यांनी पाकीट पुन्हा नकाशावर सरळ केलं. "आपला एकच ठिवू, सिस्टर. त्या बाईला कुठं तीन हुते?"

नववी खोली आम्ही पार केली. दहाव्या दाराशी असताना माझं लग्न ठरलं आणि मी संगमनेरला गेले. पुढच्या खेपेला याल तेव्हा उघडू, असं भाऊ म्हणाले होते. वर्षभरात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोने तो अंक वरच्या पाकिटासकट माझ्या हातात ठेवला. लाल टोपण हलू नये म्हणून भाऊंनी ते दहाव्या दारात चिकटपट्टीने चिकटवलं होतं.

आता माझ्या हाताखाली नवीन मुली शिकतात. बाई फार भितात, असं माझ्यामागे बोलतात, आणि ते खरंच आहे. अंक माझ्या कपाटात आहे. पाकीट बोटभर सरकवलं तर दहाव्या खोलीत काय आहे ते मला वाचता येईल. मी अजून सरकवलेलं नाही. आमचा माणूस दारात उभा आहे, आणि जिवंत आहे.