तूदामावशी आणि केशराची पडशी

गुरुवारच्या बाजाराला मोटारसायकल घेऊन येणाऱ्याने गाडी तूदाच्या ताब्यात द्यायची, ती म्हणेल तिथे आणि म्हणेल तशी उभी करायची, आणि वाद घालायचा नाही. तरी लोक घालतच.

“अशी नको, वळव. पडशीचं तोंड त्या निळ्या गाडीकडे येऊ दे.”

“मावशी, तिसऱ्यांदा वळवतोय मी!”

“गाढवाला दोनदाच सांगावं लागायचं रे.”

गाडीवाला चरफडत, पण हसतच गाडी वळवायचा.

खरं म्हणजे गाढवं होती तेव्हा तूदाची गरजच नव्हती. सिरवा डोंगरातल्या वस्त्यांमधली माणसं पाठीवर दुहेरी पडशी टाकलेलं गाढव हाकत बाजाराला येत. परक्याने पडशीत बोट घातलं तर गाढवच त्याचा समाचार घेई. आता गाढवांच्या जागी लाल चिनी मोटारसायकली आल्या. पडशी मात्र राहिली. सीटवरून आडवी टाकलेली, दोन्हीकडे पोट सुटल्यासारखी लोंबणारी. तिच्यात साखरेच्या ढेपा, चहाचे पुडे, पोरांचे बूट, कधी पाय बांधलेली कोंबडी. मोटारसायकल काही लाथ मारत नाही, म्हणून तूदा.

आधी हे काम तिचा नवरा हम्माद करायचा. त्याचे गुडघे गेले तसा त्याचा पितळी बिल्ला तिने आपल्या शालीवर टोचला आणि पुढच्या गुरुवारी रांगेशी येऊन उभी राहिली. “हे काय बायकांचं काम आहे का?” असं विचारणाऱ्यांना ती म्हणाली, “नाही. पण हम्मादचंही नव्हतं. तो झोपायचा.” हम्मादने हे ऐकलं आणि घरी आठवडाभर तोंड फुगवून बसला. मग एका दुपारी त्याचं त्यालाच हसू फुटलं.

लहानपणापासून गालिचे विणून तिची बोटं गाठींना सरावली होती. तीच विद्या तिने इथे आणली. गाड्या जोडीजोडीने लावायच्या, पडश्यांची तोंडं समोरासमोर, मध्ये हात शिरणार नाही इतकी जवळ. पट्टा सीटखालून घ्यायचा, बक्कल आतल्या अंगाला. आणि शेवटी पडशीच्या तोंडाला लाल लोकरीचा दोरा, त्याला गालिच्याची गाठ. गाठ कुणी सोडलीच, तर ती पुन्हा तशी घालणं तूदाशिवाय कुणाला जमायचं नाही. हिला काय, कोंबडीसुद्धा बांधता येते लोकरीने, असं लोक म्हणत. बांधलीही होती एकदा.

पण बाजार वाढला तसे चोरही शहाणे झाले. त्या वर्षी केशराचा हंगाम सुरू झाला आणि लागोपाठ दोन गुरुवारी पडश्या फाटल्या. त्याही खालून, ब्लेडने! वरची गाठ जशीच्या तशी, आणि खाली भगदाड. गाड्यांच्या जागेचा ठेका बूजमाकडे होता. तो दोन्ही हात कमरेवर ठेवून तूदासमोर उभा राहिला.

“आणखी एक पडशी गेली ना, तर पुढच्या गुरुवारी इथे माझा मेहुणा उभा राहील. बिल्ला त्याला देऊन टाकायचा.”

“तुझ्या मेहुण्याला गाडी आणि गाढव यातला फरक कळतो का?”

“शिकेल तो.”

तूदाचे बाकीचे सहा दिवस म्हणजे घरातला गालिच्यांचा माग आणि हम्मादचे उसासे. गुरुवारी मात्र डोंगरातली शंभर माणसं तिला मावशी म्हणून हाक मारायची, भांडायची, घरातल्या गोष्टी सांगायची, कुणाची सून बाळंत झाली तेही तिलाच आधी कळायचं. तो गुरुवार गेला असता तर तिच्या आठवड्यात काही उरलंच नसतं.

म्हणून ती कामाला लागली. जुन्या टायरांचे तुकडे गोळा केले आणि ज्याला त्याला पडशीच्या तळाशी आतून शिवून घ्यायला लावले. “आता ब्लेड घेऊन या म्हणावं,” ती म्हणाली. “कुऱ्हाड आणली तरी बघू!”

*

पुढच्या गुरुवारी बाजार नुसता उसळत होता. थंडी, धूर, मेंढ्यांचा कालवा, आणि सगळ्यावर केशराचा तो गोड-कडवट वास. ज्याची त्याची बोटं पिवळी. वरच्या वस्तीतला बीही आला तेव्हा रांगेत जेमतेम एका गाडीची जागा उरली होती. उंच, किडकिडीत माणूस, एरवी बडबड्या. आज तो कानाशी येऊन कुजबुजला.

“मावशी, डबा आत आहे. आख्ख्या वस्तीचं केशर.”

“मग छातीशी धरून फिर ना बाबा. माझ्या जिवाला घोर कशाला?”

“फिरलो असतो. पण कासाब्लांकाचे व्यापारी आलेत. भरलेला डबा दिसला की त्यांना कळतं, याला आज विकायचंच आहे. लगेच भाव पाडतात. खिशात चिमूटभर नमुना घेतलाय. सौदा ठरला की डबा न्यायला येतो.”

“टायर लावलास?”

“बायकोने शिवला. तुला शिव्या देत.”

“देऊ दे. शिवला ना?”

बीही गर्दीत शिरला. तूदाने गाठ घातली आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे एका म्हाताऱ्याची गाडी आडवी झाली होती. तीही सरळ करते न करते तोच तिची मान आपोआप वळली. बीहीच्या गाडीपाशी राखाडी टोपीवाला एक माणूस वाकला होता. बुटाचा बंद बांधणारा माणूस एवढा वेळ वाकत नाही!

“अरे ए! काय करतोस रे?”

तो पळाला. मेंढ्यांच्या कळपात घुसला, दोन मेंढे आडवे पाडले आणि दिसेनासा झाला. तूदा धावत आली. टायरने तळ राखला होता, त्यावर नुसता ओरखडा. पण त्या पठ्ठ्याने मग पट्ट्यालाच हात घातला होता. सीटखालचा पट्टा जवळजवळ तुटलेला. आता पडशी गाडीवर टिकणार नव्हती. कुणीही येताजाता उचलून खांद्यावर टाकली की झालं.

बीहीला शोधायला जावं, तर रांग उघडी. पडशी खांद्यावर घेऊन राखण करावी, तर आत डबा आहे हे सगळ्या बाजाराला कळणार. टोपीवाला तर कुठून तरी बघतच असणार. आणि मग तूदाची नजर रस्त्यापलीकडे गेली. सीदी हम्मूचा पांढरा घुमट!

तिच्या आईच्या काळी लोक नांगर, विळे, गव्हाची पोती त्या पिराच्या आवारात बिनघोर ठेवून महिनोन्महिने डोंगरात जात. सीदीच्या राखणीतलं दाणाभरही कुणी हलवत नसे. तिथे ना चोरी चाले, ना खोटं बोलणं.

पडशी काखेत मारून ती रस्ता ओलांडून गेली. भिंतीलगत ठेवायची, पण भिंतीला कुणी मेंढे बांधून ठेवले होते, त्यांनी पडशी चघळली असती. म्हणून तिने ती दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. तुटका पट्टा लोंबत होता, तो सवयीने गुंडाळून त्यालाही लोकर बांधली. गाठ आवळताना तिच्या तोंडून निघून गेलं, “सीदी, माझी जागा माझ्याकडेच राहू दे.” मग ती पळतच परत आली.

*

बीही आला तो उड्या मारत. “ठरला! मावशी, सौदा ठरला! असा भाव कुणाला—” आणि त्याने आपली गाडी पाहिली. सीट मोकळी होती.

“ओरडू नकोस,” तूदा म्हणाली. “सीदीच्या उंबऱ्यावर आहे.”

“कुठे?”

“सीदीच्या. पट्टा कापला होता, म्हणून ठेवली.”

“मावशी, हल्लीचे चोर सीदीला भितात का गं!” बीही किंचाळलाच.

दोघं धावत सुटले. मागून आजूबाजूचे गाडीवाले. उंबरा रिकामा होता.

बीही मटकन खाली बसला. आख्ख्या वस्तीच्या बायकांनी सूर्य उगवायच्या आत वेचलेली फुलं, रात्र रात्र निवडलेलं केशर, सगळं त्या डब्यात. तूदाला स्वतःच्या शालीवरचा बिल्लाही जड वाटायला लागला. इतक्यात आतून पेल्यांची किणकिण आली. आणि वास. चहाचा, आणि त्यात—

“केशर!” बीही ताडकन उठला.

आत सीदीची राखणदारीण यम्ना चटईवर ऐसपैस बसली होती. भोवती दर्शनाला आलेले दहाबारा जण, हातात सोनेरी चहाचे पेले. त्यांत भिंतीला टेकून बूजमाही. यम्नाच्या मांडीशी पडशी होती, आणि डब्याचं झाकण उघडं.

“यम्नाबाई, ती माझी आहे!” बीही म्हणाला.

“होती,” यम्ना शांतपणे म्हणाली. “भिंतीशी ठेवतात ते राखायला. उंबऱ्यावर ठेवतात ते सीदीला. आणि वर लोकर बांधलेली! नवसाची वस्तू आली की आलेल्या-गेलेल्याला वाटायची, हे काय मी आज सांगायला हवं?”

तूदाने पडशीकडे पाहिलं. लोकर! नवस बोलणाऱ्या बाया दाराबाहेरच्या झाडाला बांधतात तसली लोकर. आयुष्यभर ती दिसेल त्याला लोकर बांधत आली होती, आणि आज कुठे बांधतोय हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“बघा!” बूजमा पेला खाली ठेवत म्हणाला. “मी काय म्हणत होतो? हिच्या भरवशावर—”

“तू गप्प बस, चहा पी,” यम्ना म्हणाली आणि तूदाकडे वळली. “गाठ तूच घातलीस?”

“मीच.”

“मग सोपं आहे. नुसती बांधली असशील, तर ती दोरी. काही मागून बांधली असशील, तर तो नवस. काही मागितलंस?”

बीहीने तिच्याकडे बघून जोरजोरात नकारार्थी मान हलवली. बाहेर दारात गर्दी जमली होती. एक ‘नाही’ म्हटलं की डबा बीहीचा, आणि बूजमाला बोलायला जागा नाही. तूदाने ओठ उघडले. घुमटातला तो थंड, चुन्याचा वास नाकात गेला. इथे खोटं चालत नाही म्हणूनच तर आपण पडशी इथे आणली ना?

“मागितलं,” ती म्हणाली.

“मेलो,” बीही म्हणाला.

“काय मागितलंस ते मोठ्याने सांग.”

तूदाने शाल सावरली. “म्हटलं, सीदी, माझी गाड्यांची जागा माझ्याकडेच राहू दे.”

यम्नाने थोडा विचार केला, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा बीहीच्या हातात ठेवला.

“नवस हिचा, केशर तुमचं. दुसऱ्याच्या मालावर कुणाला नवस बोलता येत नाही. चहाला घेतलं तेवढं सीदीच्या पाहुण्यांना गेलं असं समज. पण मागणं मात्र इथे पोचलंय, ते काही मी परत देऊ शकत नाही.” मग तिने गर्दीवर नजर फिरवली. “ऐकलंत ना सगळ्यांनी? हिचं मागणं मोडायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याने इथे सीदीसमोर बोलावं. मागाहून माझ्याकडे येऊ नये.”

सगळ्या माना बूजमाकडे वळल्या. बूजमाच्या हातात पेला होता, मिशीला केशराचा पिवळा थेंब.

“मी कधी म्हटलं काढतो म्हणून?” तो म्हणाला. “मेहुण्याला तर पेट्रोलचा वाससुद्धा सोसत नाही.”

“शिकेल म्हणाला होतास,” तूदा म्हणाली.

“नाही शिकणार. मी ओळखतो त्याला.”

“आणि कितवा पेला हा, बूजमादादा?” बीहीने विचारलं. डबा मिळाल्याबरोबर त्याची जीभ परत आली होती. “भाव ठरलाय आता त्याचा.”

दारातली गर्दी खो-खो हसली. बूजमाही हसला, थोडा उशिराने.

“तुझा नवस कसा फेडणार?” यम्नाने तूदाला विचारलं.

“उरसाला डोंगरभरच्या गाड्या येतात. त्यांच्या पडश्या मी राखीन. फुकट.”

“कबूल. पण लोकर जरा कमी बांध बाई.”

तूदा हसली, आणि हसतानाच तिचा चेहरा पांढराफटक पडला. “माझ्या गाड्या!” ती किंचाळली. सगळी रांग सोडून किती वेळ झाला होता! शाल खोचून ती रस्त्याकडे धावली. एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत तिच्या पुढून गेला आणि ती रस्ता ओलांडून थबकली.

रांगेतून एकही गाडी हलली नव्हती. मागे राहिलेले गाडीवाले आपापल्या पडशीवर हात टाकून उभे होते, आणि दुसरा हात शेजाऱ्याच्या पडशीवर. दोघा-तिघांनी तर वाटेत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बाजूने जायला लावलं होतं. सरळ करून ठेवलेल्या गाडीवर म्हातारा आडवा पडल्यासारखा रेलला होता, जणू पडशीत त्याची सगळी इस्टेट होती.

“मावशी, सापडली का?” कुणीतरी ओरडलं.

“सापडली!”

“आणि जागा?”

“माझीच आहे,” तूदा म्हणाली. तिला धाप लागली होती, आणि आवाज तिचा तिलाच भलता मोठा वाटला. “आता बघत काय उभे राहिलात? बाजार उठायला आलाय, पोरांचे बूट कोण घेणार? जा, जा सगळे! इथे मी आहे.”